अष्टमांश काढा आणि जनीची बाटली

मी, कमळाकर गोविंद भाटे, वय एकसष्ट, निवृत्त शास्त्रशिक्षक, राहणार पनवेल, जिल्हा कुलाबा, पूर्ण शुद्धीवर व राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शरीर कुरकुरते, डोके शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आधी स्वतःचे तपासून घ्यावे.

१. राहते घर व पोस्टातील शिल्लक पत्नी सौ. सत्यवती हिला. तिने कोणाचाही सल्ला घेऊ नये.

२. पुतण्या दिनानाथ वैद्यकी करतो, म्हणजे मिशा पिळतो व बाटल्या भरतो. त्याला घराण्याचे काढ्याचे पातेले द्यावे. आठ भाग पाणी आटवून एक भाग उरवायचा, हा आमचा सात पिढ्यांचा अष्टमांश काढा. अकरा वर्षे मी तो हगवणीच्या जंतूंवर तपासला. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, टीपकागदाची टिकली काढ्यात बुडवून, वाळवून मधोमध ठेवायची. औषधात दम असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ कडे पडते. आमचे कडे कधी पडलेच नाही. जंतूंनी टिकलीवरच संसार थाटला. दिनानाथला दाखवले तर म्हणतो, "काका, जंतूंना आयुर्वेद काय कळतो?" हे वाक्य त्याने दवाखान्याच्या पाटीवर रंगवून घ्यावे.

३. तपासणीची वही बेलपाड्याच्या जनीची. दिनानाथ ती बंबात घालील, म्हणून साक्षीदार काशिराम यांच्याकडे ठेवली आहे. कोणी छापली तर जनीचे नाव आधी छापावे. जनी रानातली औषधे पनवेलच्या बाजारात विकते. हगवणीवरची एक साल मी तिच्याकडून तपासायला घेतली, तेव्हा तिने मला बजावले होते, "मास्तर, ती साल उकलू नका. उकलली का तिचा जीव जातो. दारूत तीन दीस ठेवा." भाट्यांच्या घरात दारू! मी साल उकळतच राहिलो. अखेर गेल्या वर्षी, दारूबंदी असताना, चोरून बाटली मिळवली व तिच्या रीतीने केले. बोटभर स्वच्छ कडे पडले. शेजारी नुसत्या दारूत बुडवलेली टिकली होती, तिच्याभोवती जंतू मजेत होते. म्हणजे गुण सालीचा. साल कोणती ते इथे लिहीत नाही, कारण हे दिनानाथ वाचणार.

४. हे सारे मी विद्येसाठी केले असे लोक म्हणतील. खोटे आहे. १९४६ च्या श्रावणात आमची गोदू, वय नऊ, हगवणीने अंथरुणाला खिळली. जनी बाटली घेऊन मागल्या दारी आली. मी वास घेतला आणि तिला उंबऱ्याबाहेरूनच हाकलली. गोदूला अष्टमांश काढा पाजला. तिसऱ्या दिवशी पोर गेली. जनी खोटी होती हे सिद्ध करायला मी बश्या मांडल्या. सत्यवती तेव्हा विहिरीवर होती. बाटली दाराशी आली होती, हे तिला मी आजवर सांगितलेले नाही.

५. माझे दिवस झाल्यावर वहीचे शेवटचे पान, ज्यावर सालीचे नाव न घेता जनी खरी ठरल्याचे लिहिले आहे, काशिराम यांच्यासमक्ष दिनानाथने बेलपाड्यास जाऊन जनीच्या दारात मोठ्याने वाचावे. मला वर्षभर जमले नाही. दर बाजाराला ती समोर येते, "मास्तर, बरं हाय ना?" विचारते, आणि मी छत्री आडवी धरतो.

हे मी स्वतः लिहिले, वाचले व कबूल केले.

सही : क. गो. भाटे
साक्षीदार : १. काशिराम दाजी ठाकूर २. धर्मराज बळीराम पाटील
पनवेल, ता. ९ मार्च १९५८