उद्या हात ठेवताना

प्रिय यहथ,

माझी बायको होग्ला दूध घेऊन तुमच्या राहुट्यांकडे येते आहे. तिच्या टोपलीत हे कातडं आहे. वाचलंस की शाई धुऊन टाक. आमच्या थोरल्याच्या, पेलेतच्या जिवाचा प्रश्न आहे. पण आधी थोडं ऐक, नाहीतर तू नुसता त्याच्यावर चिडशील.

उद्या सकाळी तुम्ही लेवी देवाच्या सेवेला वाहिले जायला दर्शनमंडपासमोर उभे राहाल आणि आम्ही तुमच्या डोक्यांवर हात ठेवू. नफतालीच्या वंशाच्या वडीलधाऱ्यांत मीही आहे. बळीच्या बैलाच्या डोक्यावर हात ठेवताना मी कधी विचार केला नाही. हात ठेवला की ते जनावर आपलं राहत नाही, हे लहानपणापासून ठाऊक. उद्या तोच हात माणसांवर. देवाच्या मालकीच्या आमच्या थोरल्या मुलांच्या बदली तुम्ही. ही बातमी आली तेव्हा शेजारचा गूनी सगळ्यांदेखत म्हणाला, "शल्लूमदादा, पोरगा सुटला तुमचा. आता तरी एक करडू कापा, किती जपाल?" सगळे हसले. मीही हसलो. पेलेत उठून गेला.

मिसरातली ती रात्र तुला आठवते. तुझ्या घरात खाणारी तोंडं कमी, म्हणून तू आमच्या कोकरात भागीदार झालास आणि त्याचं रक्त लावलेल्या आमच्याच चौकटीआड बसलास. बाहेर मिसऱ्यांची थोरली मुलं मरत होती, रडण्याचे आवाज येत होते. पेलेत, एवढा दाढी फुटलेला मुलगा, तुझं मनगट धरून बसला होता. माझं नाही. उजाडल्यावर होग्ला त्याला म्हणाली, "आता तू आमचा नाहीस, ज्यानं वाचवलं त्याचा." बाईमाणूस भीतीपोटी बोलून जातं. त्यानं ते मनात धरलं. वाळवंटात त्याच्यासाठी मुलगी बघायला निघालो तर म्हणाला, "बाबा, दुसऱ्याची वस्तू कशाला देता?"

परवा मी त्याला समजावलं की देवानं थोरल्यांऐवजी लेवी घेतले, तू मोकळा आहेस, घर कर. तो सकाळी वेचलेले मन्नाचे दाणे दळत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मला परत केलं." मी शेळ्या बांधायला उठलो. तुला उत्तर सुचलं असतं.

आज सकाळी त्याचं अंथरूण रिकामं होतं. राहुटीमागे वाळूत केस पडले होते. दाढीचे, छातीचे, भुवयांचेसुद्धा. धुतलेला अंगरखाही नाही. तुम्ही सगळे अंगभर वस्तरा फिरवून, कपडे धुऊन तयार होताय. त्या गर्दीत तो आहे. आणि परका मंडपाजवळ गेला तर त्याला मरणाची शिक्षा आहे, हे तुम्हीच आम्हाला शिकवता. त्याला शोध. तो तुझं ऐकेल. होग्लाकडे तिची ओढणी आहे, त्याचं डोकं झाकून ती त्याला बायकांमधून घेऊन येईल. आणि नाहीच आला, तर एवढं कर, त्याला नफतालीच्या रांगेसमोर उभा राहू देऊ नकोस. भुवया नसल्या तरी त्याचं डोकं माझ्या हाताला कळेल. मग मला हात ठेवता येणार नाही, काढताही येणार नाही. आणि मी थांबलो की सगळी छावणी बघेल.

तुझाच,
शल्लूम