वकिलाची रिकामी जागा

बाबा,

कुत्र्याला सकाळी प्राण्यांच्या निवाऱ्यात सोडून आलो. आता असं समजा की सोडलेलं नाही, तो गच्चीवर उन्हात लोळतोय, आणि निवांत चहा घ्या. थर्मासमध्ये आहे.

डॉक्टर म्हणाले, तुमचा दमा आणि कुत्रा एका घरात नांदणार नाहीत. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग मीच जातो." मी चौकशी केली. ते माणसं घेत नाहीत.

तिथल्या बाईंनी विचारलं, "याला काय काय येतं?" म्हटलं, नाव वकील आहे, वकिलीच येते. आई गेल्यापासून आम्ही बापलेक याच्यामार्फतच बोलतो. 'वकील, बाबांना सांग, पंप घ्या.' 'वकील, त्याला सांग, जेवायला थांबलोय.' बाई हसल्या नाहीत. वकील मात्र दारातून मागे वळून बघत राहिला, निरोप द्यायचा राहिल्यासारखा.

पंप उशीखाली आहे. हे थेट सांगतोय, सवय नाही, सांभाळून घ्या.

तरी वकिलाच्या रिक्त जागी माझी नेमणूक व्हावी, आणि टीव्ही बघताना त्याच्या डोक्यावरून फिरणारा आपला हात यापुढे मला लागू करण्यात यावा, ही नम्र विनंती.