ऐन थंडीतली कातरणी

आबा, तुम्ही गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नव्हतं, आणि आजही हे प्रेमाने लिहीत नाही. परवा माझ्या लेकीकडे बघून माझा भाऊ कौतुकाने म्हणाला, "अगदी आबा हाय बघ." तेव्हापासून डोकं तापलंय. आठवडाभर तिला झोप नाही, तरी थकवा नाही. बोलते इतकी भरभर, की एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. नोकरी सोडून केजला मंगल कार्यालय काढायचं म्हणते, आणि सगळे माना डोलावतात.

मला तो पौष आठवतो. तुम्हीही असेच न झोपता हसत होतात. अख्ख्या तालुक्याला घोंगड्या पुरवायच्या म्हणून भर थंडीत सगळा कळप कातरायला घेतलात. जन्म मेंढरांत गेलेला माणूस, तुम्हाला ऋतू कोणी शिकवायचा? भावकीतल्या एकानेही हात धरला नाही. उलट म्हणाले, "लई मोठं डोकं हाय." सकाळी कुंपणाच्या कडेला कोकरं गारठून ताठ होऊन पडलेली असत, आई ती एकटी उचलायची. मग तुम्ही भिंतीकडे तोंड करून निजलात ते थेट होळीपर्यंत. कोणाची तरी नजर लागली, एवढंच निदान भावकीत झालं. दवाखान्यातले डॉक्टर मात्र स्पष्ट म्हणाले होते, हे चढणं-पडणं एकाच आजाराचं असू शकतं, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. मी तेच सांगितलं तर तुम्ही ताडकन उठून बसलात. "तुला सिस्टरांच्या शाळेत घातली ती बापाला येडं ठरवायला?" त्या वाक्यानंतर आमच्या घरात तुमच्या मरणापर्यंत या आजाराबद्दल कोणी तोंड उघडलं नाही.

आज बीडला दवाखान्यात जाताना जीपमध्ये, भरल्या माणसांत, लेक तेच म्हणाली, "आई, मला येडी समजतेस का?"

"आजारी असशील. नसशील तर डॉक्टर तसं सांगतील. उतर आता."

बीडच्या डॉक्टरांनी शिक्का मारायची घाई केली नाही. झोप विचारली, मध्ये कधी उदास महिने गेले का ते विचारलं, थायरॉइडसाठी रक्त तपासायला दिलं. बायपोलर असू शकतं, पण आणखी भेटींनंतरच सांगेन, म्हणाले. मग घरात आणखी कोणाला असं होतं का, हे विचारलं. लेक माझ्याकडे बघू लागली. मी कातरणी सांगितली. का कोणास ठाऊक, तो दिवसही सांगितला: तुम्ही खांद्यावर कोकरू घेऊन कॉन्व्हेंटच्या फाटकात आलात, मदरना ते भेट दिलंत, पटांगणात ओव्या गात नाचलात, आणि त्या करड्या शिस्तीच्या मदर पोट धरून हसल्या. तुमची मुलगी म्हणून मी मिरवले तो तेवढाच दिवस. डॉक्टरांनी तोही लक्षणांत लिहून घेतला.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "पुढच्या वेळी पण तूच ये सोबत."

हा कागद मी चुलीत घालणार आहे. डॉक्टरांचं बरोबरच असेल, आबा. पण तो एक दिवस त्यांना द्यायला मला जड गेलं.