कमी ढेकर देणारी वासरं

१४ ऑक्टोबर, मंगळवार
पहाटेच निघाले. डेलच्या रँचपर्यंत दोन तास. वाटेत एक गॅस स्टेशन, बाकी नेब्रास्काचं नुसतं गवत.
आज वासरांना यंत्राची सवय लावायची होती. चाकांवरची गव्हाणच ती. वासराने डोकं आत घातलं की मूठभर गोळीपेंड पडते, ते खात उभं राहतं आणि तेवढ्यात पंखा त्याचा श्वास ओढून मिथेन मोजतो. कागदोपत्री लांबलचक नाव आहे. आमच्या घरात 'ढेकरयंत्र'.
बराच वेळ कुणी फिरकेना. मग एक काळी कालवड आली. हुंगलं, डोकं घातलं, पेंड पडल्यावर दचकून पळाली. परत आली. तिच्यामागे मग रांगच. डेल कुंपणाला टेकून म्हणाला, "फुकट खायला मिळत असेल तर माझे शेजारीही रांग लावतील."
सत्तरी उलटलेला माणूस, एकटा राहतो. पाच वर्षांपूर्वी कळप आमच्या प्रोजेक्टला दिला तेव्हा म्हणाला होता, माझा तुमच्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास नाही, पण बघायला हरकत नाही. अजून बघतोच आहे.
हात गारठले. मस्त दिवस.

१९ ऑक्टोबर, रविवार
मराठी मंडळाची दिवाळी, शाळेच्या हॉलमध्ये. पुण्याहून मुलाकडे आलेल्या एक काकू शेजारी बसल्या. "तुम्ही गाईंवर रिसर्च करता म्हणे? दुधाच्या?"
म्हटलं, "नाही काकू, मांसाच्या. त्यांच्या ढेकरांतून मिथेन निघतो, त्याने हवा तापते. काही जनावरं जन्मतःच कमी सोडतात. ती शोधायची, त्यांची पैदास वाढवायची. हे सगळं मी सांभाळते."
काकू थांबल्या. "म्हणजे खायची ती खायचीच, फक्त..."  मग ताटली पुढे केली, "चकली घ्या."
घेतली. खुसखुशीत होती.
गाडीत मैत्री म्हणाली, "मॉम, एव्हरीवन ॲट स्कूल थिंक्स इट्स फार्ट्स. प्लीज टेल देम इट्स बर्प्स." पंधरा वर्षांच्या लेकीला आईच्या कामाची एवढीच काळजी. माझा नवरा मिलिंद गाडी चालवत इतका हसला की वळण चुकला.

२ नोव्हेंबर, रविवार
आई आली. नागपूर ते शिकागो विमानाने, पुढे आमच्या गाडीतून दिवसभर. आधी शिकागोतल्या देशी बाजारात, डेव्हन ॲव्हेन्यूला, किराणा. पार्किंग मिळेपर्यंत फेऱ्या मारत होतो, आई बसल्या बसल्या दुकानांच्या पाट्या वाचत होती. "हे तर सीताबर्डीच झालं बापा."
आता एप्रिलपर्यंत राहणार. घरात फोडणीचा वास.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
पहिले आकडे!
आकड्यांचं सगळं क्लारा बघते. डेलच्या तीन वळूंची वासरं वेगवेगळी मांडली तिने, कोण कुणाचं ते रक्ताच्या तपासणीवरून. त्यातल्या ड्यूकची वासरं सरळ खाली. इतका कमी मिथेन की क्लाराने दोनदा तपासलं.
ड्यूक डेलचा लाडका. त्याची आई डेलच्या बायकोने, नॉर्माने, वासरू असताना निवडली होती. नॉर्मा जाऊन तीन वर्षं झाली. एका पैदास कंपनीने ड्यूकबद्दल आधीच विचारलंय, गाई भरवायला देशभर त्याचं रेत पाठवायचं म्हणतात.
डेलला फोन केला. आकडा पुन्हा सांगायला लावला. मग, "नॉर्माला आवडलं असतं."
प्रोजेक्टला पैसे देणाऱ्या कमिटीच्या, व्हर्जिनियातल्या रिव्ह्यूसाठी मसुदा पाठवून दिला. पहिल्याच पानावर ड्यूक.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
थँक्सगिव्हिंग डेलकडे. त्याने टर्की केली, आईने घरून सावजी रस्सा नेला. मी म्हटलं, अगं त्याला झेपणार नाही. डेलने खाल्लं, लालबुंद झाला, नाक पुसलं, पुन्हा वाढून घेतलं. आई खूश.
जेवणानंतर तिला कळप दाखवला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुह्या आजोबाच्या काळी आपल्या वस्तीत जनावर यायचं ते मेलेलंच. ओढायला बोलवायचे त्याईले. मग सगळ्या वस्तीनं ठरवलं, आता नाही ओढायचं, अन् सोडलंच ते काम. तवा मी लहान होते." थोड्या वेळाने, "अन् तू? जनावर जन्माच्या आधीपासून त्याच्या मागे लागून राहिली."
डेलने विचारलं, आई काय म्हणतेय? सगळं सांगितलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. आईला गोठ्यातली सर्वांत शांत गाय दाखवायला घेऊन गेला. दोघांची भाषा एक नाही, तरी बराच वेळ आले नाहीत.

९ डिसेंबर, मंगळवार
वासरं ट्रकने आमच्या शेडवर आली. कुरणात कोण किती चरलं ते कळत नाही. इथल्या गव्हाणींना वजनकाटे आहेत, प्रत्येकाचं खाणं मोजलं जातं. खाण्याच्या मानाने मिथेन किती, हा खरा प्रश्न. रिव्ह्यूच्या आधी उत्तर यावं.

२४ डिसेंबर
पाण्याच्या पाइपात बर्फ. सगळे मिळून गरम पाण्याच्या बादल्या. ऑफिसचे बूट गेले कामातून.

१६ जानेवारी, शुक्रवार
क्लारा आली आणि दार लावून घेतलं. तेव्हाच कळलं.
ड्यूकची वासरं कमी खातात. वजनंही कमी. खाल्लेल्या प्रत्येक किलोमागे बघितलं तर मिथेन इतरांइतकाच. म्हणजे कमी ढेकर द्यायचा गुण वगैरे काही नाही, जनावर लहान आणि खाणं लहान, म्हणून ढेकर लहान.

दुसरी गोष्ट क्लाराने शेवटी सांगितली. तिसऱ्या वळूची वासरं पोटभर खातात, चांगली वाढतात, तरी मिथेन कमी. ड्यूकचा पहिला आकडा होता तेवढा कमी नाही, पण खाण्याशी ताडून बघितलं तरी कमीच. ह्या वळूकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. रँचवर त्याला नावसुद्धा नाही, नुसता कानातला बिल्ला. आणि तो आता नाही. कुंपणं तोडायचा, अंगावर यायचा, म्हणून ही वासरं पोटात असतानाच डेलने त्याला कत्तलखान्याला पाठवला.
आमचे मुख्य शास्त्रज्ञ वॉरन म्हणाले, "रिव्ह्यूत कुरणातले आकडे दाखवू. खोटे नाहीत ते. शेडमधलं काम अजून चालू आहे म्हणू."
मी म्हटलं, "खोटे नाहीत. पण त्यावर लोक ड्यूकची हजारो वासरं काढतील."
"प्रोजेक्ट बंद पडला तर?"
 म्हटलं, आधी डेलला सांगते, मग ठरवू. हो म्हणाले. वॉरन वाईट माणूस नाही. ह्या प्रोजेक्टवर पाचजणांची घरं चालतात, माझंही त्यात.

१८ जानेवारी, रविवार
मिलिंद म्हणाला, यार फोनवर सांग ना, बर्फ पडतोय. नाही. गेले.
डेलच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. कागद नेले होते, काढलेच नाहीत. त्याने कॉफी ओतली, स्वतःचीच ओतायला विसरला.
"म्हणजे ड्यूक नालायक?"
"नालायक कसा? चांगला वळू आहे. फक्त आपण म्हणत होतो तसा नाही."
"कंपनीला सांगितलंस?"
"नाही. तुम्हाला आधी."
उठून स्वतःची कॉफी ओतली. मग विचारलं, "चांगला कोण निघाला?" बिल्ल्याचा नंबर सांगितला. डेल वळून माझ्याकडे बघतच राहिला. "तो? तो सैतान?" आणि हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसण्याचंच होतं की नाही, सांगता येत नाही. "नॉर्मा होती तोवर त्याला ठेव म्हणायची. मी म्हटलं, एक तर तो राहील नाहीतर माझी कुंपणं."
निघताना दारात म्हणाला, "कंपनीला मीच फोन करतो. माझा वळू आहे."
परतताना रस्ता नीट दिसत नव्हता, पण मन हलकं होतं. आई जागीच. तिला थोडक्यात सांगितलं. "रागावला का?" "नाही." "मग जेव."

२० जानेवारी
वॉरनना सांगितलं, डेलचं काय झालं ते. थोडा वेळ पेन वाजवत बसले. "ठीक. पहिलं पान बदल." बदललं.

११ फेब्रुवारी, बुधवार. हर्नडन, व्हर्जिनिया
कॉलेजातल्या मैत्रिणीकडे, वैशालीकडे, उतरले. ती आणि मी नागपूरला एकत्र व्हेटरनरी केलं, आता ती सॉफ्टवेअरमध्ये. सकाळी पोहे केले तिने, म्हणाली, "मी गाईला शेवटचा हात लावून वीस वर्षं झाली असतील. तू अजून शेणातच!" हो, अजून शेणातच.
रिव्ह्यू. सुरुवातीलाच बोलले: मसुद्यात पहिल्या पानावर जो वळू होता तो आम्ही मागे घेतोय, का ते सांगते.  कमिटीतल्या एक बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मसुदा पाठवताना हे माहीत नव्हतं?"
"नव्हतं. शेडमध्ये खाणं मोजल्यावर कळलं."
"आणि ज्या वळूबद्दल तुम्ही आता सांगताय, तो जिवंत नाही."
"नाही."
कुणीतरी हसलं. मलाही हसू आलं, काय करणार. वॉरननी तेवढ्यात पुढचा तक्ता लावला. नंतर प्रश्नांवर प्रश्न, सगळे खरे, कामाचे. असं बोलणं कित्येक दिवसांत झालं नव्हतं. आवडलं मला.
निर्णय: एवढ्या थोड्या वासरांवरून काही म्हणता येणार नाही. ह्या वळूची आणखी वासरं दाखवा. प्रोजेक्ट पुढे चालवायचा की नाही ते शरदात ठरवू. वॉरन विमानतळावर म्हणाले, "बंद तर नाही केला." स्वतःहून माझी बॅग उचलली.
पण मेलेल्या वळूची आणखी वासरं आणायची कुठून?

१७ फेब्रुवारी, मंगळवार
आहेत! प्रोजेक्टच्या सुरुवातीला सगळ्या वळूंच्या रेताच्या कांड्या गोठवून ठेवल्या होत्या. आमच्याच तळघरात, नायट्रोजनच्या टाकीत. क्लारा वाफेत हात घालून बिल्ल्याचे नंबर मोठ्याने वाचत होती, मी श्वास धरून. सापडल्या. फार नाहीत. एका छोट्या गटाला पुरतील.
डेलला फोन. "माझ्या गाई घे," म्हणाला. मी विचारायच्या आधीच.

२५ एप्रिल, शनिवार
आईला विमानात बसवलं. डेलने तिच्यासाठी बरणीभर प्लमचा जॅम पाठवला होता. त्याला तिने सावजी मसाल्याची पुडी दिली आणि मला दटावलं, "त्याले सांग, चमचा भरून नको टाकू म्हणा." घर रिकामं वाटतंय. मैत्री आजीच्या उशीवर झोपली.

९ जून, मंगळवार
आज भरवल्या. डेलने गाई आदल्या दिवशीच खोड्याच्या वाटेवर, गाय अडकवून धरतात तिथे, आणून ठेवल्या होत्या. कांडी कोमट पाण्यात, मग रेतनाच्या बंदुकीत, मग गाय. बऱ्याच वर्षांनी स्वतः हात घातला, खांद्यापर्यंत हातमोजा. पहिलीला जरा वेळ लागला, मग हात आपोआप आठवत गेला. क्लाराने कांड्या दिल्या, डेल प्रत्येक गाईशी हळू आवाजात बोलत होता. वॉरनही आले होते, नवे कोरे बूट घालून. संध्याकाळी ते तसे राहिले नव्हते.
कंपनीने ड्यूक नाकारला. डेलने सहज सांगितलं, बादली धुता धुता. "तो माझ्याकडेच राहील. इथल्या गवताला लहान जनावरच बरं." मी दुसरी बादली धुवायला घेतली. 
खांदा दुखतोय. इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

६ ऑगस्ट, गुरुवार
सोनोग्राफी. अर्ध्याहून जास्त गाभण. काही राहिल्या नाहीत, आणि कांड्या संपल्या. ह्या वळूचं जे काही आहे ते आता ह्याच पोटांत. वासरं पुढच्या मार्चमध्ये. मोजण्याइतकी मोठी व्हायला त्यापुढे सहा महिने. कमिटी बसणार ह्याच ऑक्टोबरात, म्हणजे त्यांना दाखवायला माझ्याकडे गाभण गाई आणि आशा, दुसरं काही नाही. वॉरन म्हणतात, पुरेल. क्लारा म्हणते, पुरणार नाही. मला माहीत नाही.
परतताना कच्च्या रस्त्यावर शेजारच्या कुणाचा तरी कळप आडवा आला. इंजिन बंद केलं, काचा खाली. गरम गवताचा वास. गाई घाई न करता दोन्ही बाजूंनी जात राहिल्या. कोण कमी, कोण जास्त, तोंडावरून काही कळत नव्हतं. एक तपकिरी गाय खिडकीशी थांबली, आत बघितलं आणि माझ्या तोंडावर लांबलचक ढेकर देऊन पुढे गेली.
एकटीच हसत बसले. शेवटची गाय जाईपर्यंत गाडी सुरू केली नाही.