नंदाबाईंचं डावं भिंग

नवीन जालना,
दि. ९ सप्टेंबर १९७७

चि. सौ. नंदाबाई हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. संकरित बियाण्यासाठी सोललेल्या कळीत काढून टाकायचं पुंकेसर राहून जातं, ते कंपनीच्या साहेबांना दिसतं आणि तुला दिसत नाही, हे वाचून हसू आलं नाही. पुन्हा सापडलं तर कापसाचा बीजप्लॉट रद्द, असं ते बजावून गेले म्हणतेस. तेव्हा शेचाळिसाव्या वर्षी जवळचा चष्मा लावण्यात कमीपणा मानू नकोस. मी पाच वर्षं लावतो आहे. विद्यार्थी मला त्यामुळेच विद्वान समजतात, संस्कृतामुळे नव्हे.

डॉक्टरांनी दिलेला तुझा नंबर घेऊन स्टेशनाजवळच्या दुकानात गेलो. दुकानदार रखमाजींनी माझ्यापुढे साधी काच, मुंबईहून मागवावं लागणारं प्लास्टिकचं भिंग, उन्हात आपोआप काळी पडणारी काच आणि चकाकी मोडणारा निळसर थर दिलेली काच, अशी चार दर्शनं मांडली. षड्दर्शनांना दोनच कमी. तो थर नखाने निघतो का हे मी पाहू लागलो, तेव्हा त्यांनी काच काढून घेतली.

तात्पर्य असं की काच जड, पडली की फुटते, पण ओरखडा सहसा धरत नाही. प्लास्टिक निम्म्या वजनाचं, फुटत नाही, पण ओरखडा चटकन धरतं. निर्णय तू कर, डोळे तुझे आहेत.

तुझ्या यजमानांना, काकासाहेबांना, नमस्कार. या भावावर लोभ असावा, फार चौकशी न करता.

तुझा,
बद्रीनाथ


टेंभुर्णी,
दि. १४ सप्टेंबर १९७७

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दुकानात तुम्ही तासभर वाद घातला असणार, हे न लिहिताच कळलं.

उन्हात काळी पडणारी काच नको. केसर फिकट पिवळं, अंधारात काय दिसणार? शिवाय हे म्हणतात की गॉगल घालून कळ्या सोलशील तर लोक कापूस सोडून तुलाच पाहतील. चकाकीचा थरबी नको. शेतातल्या धुळीत तो किती दिवस टिकंल? मी दिवसभर मान खाली घालून राह्यते. घामानं जड चष्मा घसरणार आणि दगडावर पडणार. हलकं असलेलंच बराबर. प्लास्टिकचं पाठवा, पण जल्दी. साहेब सव्वीस तारखेला येणार. प्लॉट गेला तर पुढच्या साली कंपनी आपल्याला बी देणार न्हाई.

उपदेश पाठवू नका. वहिनींना नमस्कार.

तुमची,
नंदा


नवीन जालना,
दि. २३ सप्टेंबर १९७७

चि. सौ. नंदाबाई हीस,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या कचरूसोबत चष्मा पाठवला आहे. उपदेश नको म्हणालीस, म्हणून एकच करतो: पदराने कोरडा पुसू नकोस. कंदिलाच्या काचेला जपतेस तसं या भिंगांना जप.

खुशाली कळव. रागावली असलीस तरी कळव.

तुझा,
बद्रीनाथ


टेंभुर्णी,
दि. २७ सप्टेंबर १९७७

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

चष्मा मिळाला. पहिल्याच दिवशी कळीतलं केसर न् केसर दिसलं. संध्याकाळी भिंगावर धूळ बसल्ती, तेव्हा तुमचा उपदेश पाळला. कंदिलाची काच मी रोज चुलीच्या राखेनं घासते. तशीच बारीक राख चाळून घेतली आणि डावं भिंग घासलं. उजेडाकडं धरलं तर नुसतं धुकं. उजव्याला हात लावायच्या आत थांबले, एवढं नशीब. तुम्ही जन्मात कंदील घासला न्हाई, हे तेव्हा कळलं.

दुसरा चष्मा यायला आठवडा लागणार आणि साहेबांचं येणं परवावर आल्तं. धुक्यातून पाह्यलं की डोकं गरगरायचं. केसर काढलेल्या कळीवर आम्ही लाल कागदाची पिशवी चढवतो, त्यातलाच तुकडा डाव्या भिंगावर डकवला आणि एका डोळ्यानं सोलत राह्यले. एकेका कळीला दुप्पट वेळ गेला.

काल साहेबांनी पन्नास कळ्या उघडून पाह्यल्या. एकीतबी केसर न्हाई. प्लॉट पास झाला. आता दोन्ही भिंगं काचेची करून पाठवा. जड असू द्या, मी मागून दोरी बांधीन.

जाताना साहेबांनी माझ्या चष्म्याकडं बोट करून हे काय, असं विचारलं. मी सांगितलं की कंपनीचीच पद्धत आहे, काम झालं की लाल कागदानं झाकायचं. ते हसले न्हाईत. वहीत लिहून घेतलं.

तुमची,
नंदा