कमानीतली वेस

१२ एप्रिल, शनिवार

आज हॉटेल पाहिलं. पाहिलं कसलं—प्रेमातच पडलो! डब्लिनहून दीड तासावर, बाजाराच्या चौकात, लाल विटांचं, तीन मजली. मधोमध ही मोठी कमान. पूर्वी धान्याच्या घोडागाड्या तिच्याखालून थेट मागच्या अंगणात जायच्या. कोपऱ्यातले दगड चाकं घासून घासून गुळगुळीत झालेत. विटांत एक भेग नाही!

मालकीण रूथबाई. वय बहात्तर, मागेपुढे कुणी नाही. मला, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरला, विचारतात—कमान बुजवली तर दोन खोल्या निघतील का? निघतील, म्हणालो. खोटं कसं बोलू? पण जीव तुटला.

१३ एप्रिल

प्रतिमाला फोटो दाखवले. "अहो, ही तर वेस! आपल्या आश्लेषाचं सीमांतपूजन इथेच करू." बायकोला वेळेवर सुचतं, हे लिहून ठेवतो. तिला सांगणार नाही. लेक म्हणाली, "सो क्यूट, बाबा!"

२ मे

भिंतीचे नकाशे तयार आहेत. देत नाहीये. लग्न होऊ दे, मग भिंत—असं सांगून आलो. रूथबाई कमानीत बसल्या होत्या, समोरच्या बियाणांच्या दुकानातले वॉल्टर आणि त्या, कॉफी पीत. रोज बसतात म्हणे.

२३ मे, शुक्रवार

काय फजिती! नवऱ्या मुलाला वेशीवर थांबवून, पाय धुऊन, ओवाळून मग आत घ्यायचं. आणि आमचा अनिश पुढच्या दाराने शिरून लॉबीत कॉफी पीत बसलेला! प्रतिमा ओरडली, "बाहेर काढा आधी त्याला!" रूथबाईंना वाटलं, लग्न मोडलं. त्यांनी अनिशचा हातच धरून ठेवला. समजावता समजावता पुरेवाट झाली.

मग जावईबापू चौकातून वाजतगाजत कमानीखाली आले. मागोमाग वॉल्टर टाळ्या वाजवत! मी पाय धुतले, प्रतिमाने ओवाळलं. रूथबाई दगडाला टेकून रडत होत्या. मीही रडलो.

२४ मे

लग्न लागलं. सुखी आहे. पाय दुखताहेत.

२६ मे

नकाशे द्यायला गेलो. प्रतिमाही आली, हॉटेलात राहिलेलं तांब्या-ताम्हण घ्यायला. रूथबाईंनी घेतलेच नाहीत. भिंत कॅन्सल! सप्टेंबरमध्ये त्या आणि वॉल्टर लग्न करताहेत—कमानीतच. "माझ्या बाजूने कुणी नाही. वॉल्टरचे पाय तुम्ही दोघं धुवाल?"

प्रतिमाने तांब्या-ताम्हण तिथेच ठेवलं. म्हणाली, "लेक बहात्तरची असली म्हणून काय झालं?"