न वाजलेल्या घंटेविषयी

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, आधी बावीस वर्षे वॉर्डातली सिस्टर आणि नंतर कंपनीची संस्थापक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यकृताचे काही खरे नाही, पण यकृताने कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे, कारण त्यात मी एक गोष्ट लिहायची टाळली होती. नऊ वर्षांपूर्वी एका रुग्णाच्या मृत्यूबद्दल आमच्या कंपनीने दिलेला अहवाल खोटा आहे आणि तो मी लिहिला आहे. घरदाराची वाटणी करतेच, पण हा कागद मुख्यतः त्यासाठी नाही.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या मुलीला. ती स्वतःची कंपनी काढायच्या गडबडीत आहे. खुशाल काढावी, मी सांगून ऐकणारी नाही, माझ्यावरच गेली आहे. अट एकच, हे घर गहाण टाकायचे नाही. मी दोनदा टाकले. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वावरायची वेळ आली की माणूस नको ते करून बसतो. मी काय केले ते कलम ४ मध्ये आहे.

कलम २. कंपनीतला माझा हिस्सा. सुरुवातीला साठ टक्के माझा आणि चाळीस टक्के धाकट्या भावाचा होता. भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा. सलाईनची बाटली संपत आली की वाजणारी घंटा, ही कल्पना माझी. एका सिस्टरकडे तीस खाटा असतात, प्रत्येक बाटलीवर डोळा ठेवणार कसा? पण ती घंटा प्रत्यक्षात वाजवली त्याने, माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर आठ महिने खपून. ओट्यावर जागा नसायची म्हणून तेवढे दिवस मी जमिनीवर बसून भाजी चिरली, आणि खरे सांगायचे तर आयुष्यात तेवढी सुखी परत झाले नाही. पुढे बाहेरचा पैसा येत गेला तसा आमचा हिस्सा झिजत गेला. माझे आज चार टक्के उरलेत. ते भावाला. तो नको म्हणाला आहे, तरी लिहिते, कारण ते त्याचेच आहेत.

कलम ३. आमचे गुंतवणूकदार, ज्यांना आम्ही बहीणभाऊ पाठीमागे ‘पुढची तिमाही’ म्हणायचो, यांना नमुन्याची पहिली घंटा. त्यांच्यासमोर ती प्रत्येक बैठकीत न चुकता वाजली. पैसे देताना हे गृहस्थ ‘आपण’ म्हणायचे. आपण हे करू, आपण मोठे होऊ. तो रुग्ण गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणू लागले. मुलीने करार वकिलाकडून वाचून घ्यावा, पण हा फरक स्वतःच्या कानांनी टिपावा. त्यांच्या करारात असेही होते की ज्या संस्थापकाची चूक ठरेल त्याने बाहेर पडायचे आणि हिस्सा सोडायचा. मी सही ठोकली. आपल्या दोघांत चुकणार कोण, असे वाटले.

कलम ४. पैशाचा दुसरा हप्ता एका अटीवर मिळणार होता. महिनाअखेर शंभर घंट्या रुग्णालयात लागलेल्या हव्यात. हप्ता चुकला तर कंपनी बुडणार आणि तिच्यामागोमाग घर जाणार. भावाची पद्धत अशी की प्रत्येक घंटा तीन दिवस चालवून बघायची आणि मगच तिच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावायची. पट्टी नाही तर माल बाहेर नाही. शेवटच्या सोमवारी साठच झाल्या होत्या. दमट हवेत एक सांधा सुटतो आहे, आठ दिवस दे, असे तो म्हणत होता. मी त्याला सुटे भाग आणायला गावाबाहेर पिटाळले आणि उरलेल्या चाळीस घंट्यांना माझ्या हाताने पट्ट्या लावल्या.

त्यातली एक सात नंबरच्या खाटेवर लागली. खाटेवर एक बसचालक होते. त्यांच्या बाटलीत रक्तदाब धरून ठेवणारे औषध होते. भर दुपारी बाटली संपली आणि घंटा वाजली नाही. स्टुलावर बसलेल्या त्यांच्या पत्नीचा, चार दिवसांच्या जागरणाने, डोळा लागला होता.

मग मी दोन ठिकाणी खोटे सांगितले. बाहेरच्या अहवालात लिहिले की घंटा वाजली, झोपेमुळे नातेवाइकांना ऐकू आली नसावी. आत गुंतवणूकदाराला सांगितले की तपासणीत भावाची नजरचूक झाली. भाऊ हत्यारांची पेटी उचलून निघून गेला. आता तो एका टपरीत मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो.

कलम ५. गेल्या महिन्यात त्याला बोलावून मी हे सगळे सांगितले. त्याने खुर्चीसुद्धा पुढे ओढली नाही.

“मला त्याच दिवशी कळलं होतं, ताई,” तो म्हणाला. “मी पट्टी कात्रीने कापतो. त्या पट्टीची कड हाताने फाडलेली होती. सिस्टर लोक फाडतात तशी.”

मग बोलला का नाहीस, असे विचारले. म्हणाला, जोडणीच्या कामावर वीस बायका होत्या, त्यांची घरे चालत होती. शिवाय तू आपणहून बोलशील असे वाटत होते. मी हिश्शाचे काढले, त्याचे नाव साफ करायचे काढले. त्याला दोन्ही नको होते. त्या बसचालकांच्या पत्नीकडे तो मिक्सर दुरुस्त करायला जातो. त्या अजून दुपारी बसत नाहीत, झोप लागेल म्हणून उभ्याच राहतात. त्यांना सांग, एवढेच त्याचे म्हणणे. मी म्हटले, मृत्युपत्रात लिहिते.

“मेल्यावर कशाला?” तो म्हणाला. “मेल्यावर तुला काय भोगायचंय?”

मला याचा राग आला. अजूनही थोडा आहे.

कलम ६. म्हणून हा कागद माझ्या मरणाची वाट बघत पाकिटात पडणार नाही. त्या बाईंना आज साक्षीदार म्हणून बोलावले आहे. मी त्यांच्या जिन्यापर्यंत दोनदा गेले होते आणि दोनदा परत फिरले. आता पाय चालत नाहीत. बाई, घंटा वाजली नव्हती. तुम्ही म्हणाल, जागी असते तर बाटली दिसली असती. ती बघायचे काम तुमचे नव्हते, त्यासाठीच तर आम्ही ती घंटा विकली होती. तुम्हाला मी पैसे ठेवलेले नाहीत, कारण ते तोंड बंद करायला दिल्यासारखे झाले असते. नक्कल रुग्णालयाला आणि पोलिसांना आजच जाईल. पुढे जे व्हायचे ते माझ्या डोळ्यांदेखत व्हावे.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण: माझी पुढची खोली
दिनांक: चालू महिन्याची अकरा, बुधवार

लिहिणारी: (सही)

साक्षीदार १: डॉक्टर (सही)

साक्षीदार २: सात नंबरच्या रुग्णाच्या पत्नी (सही नाही)

वकिलाच्या हातची नोंद: बाईंनी कागद दोनदा वाचला. पाणी विचारले, नको म्हणाल्या. सही करायला नकार दिला, म्हणून त्यांच्या जागी माझ्या कारकुनाची सही घेतली आहे. नक्कल घेऊन जाताना त्यांनी लिहिणारीला एवढेच विचारले की बाकीच्या एकोणचाळीस घंट्या कुठे आहेत.